वाचता येते म्हणजे काय? : शालेय मराठी वाचन व इंग्रजी प्रावीण्य यांच्या मापनाचा भाषिक विचार
(तासगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

‘मुलाला वाचता येते’ हे विधान दैनंदिन व्यवहारात पूर्णतः निःसंदिग्ध वाटते. शैक्षणिक मापनाच्या दृष्टीने पाहू गेल्यास मात्र त्यात निदान चार क्षमता एकवटलेल्या आढळतात. लिपीतील चिन्ह ओळखणे, चिन्हे जुळवून शब्दाचे ध्वनिरूप बांधणे, ते ध्वनिरूप आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दाचे आहे हे उमगणे आणि शब्दाशब्दांतून वाक्याचा व उताऱ्याचा अर्थ उभा करणे, या त्या चार क्षमता होत. यांपैकी कोणत्या टप्प्यावर मूल अडले हे न सांगता ‘येते’ किंवा ‘येत नाही’ एवढाच निर्णय देणारी चाचणी प्रशासनाला एक आकडा देते. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ती काहीच देत नाही.

वाचनमापन हा आजवर शिक्षणशास्त्राचा प्रांत मानला गेला. मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिल्याचे दिसत नाही. परंतु वाचनचाचणीचा उतारा ही एक मराठी संहिता असते, तिची भाषा प्रमाण असते, वाचणाऱ्या मुलाची भाषा बहुधा बोली असते आणि ‘चूक’ कशाला म्हणावे हा निर्णय मुळात भाषिक निर्णय असतो. म्हणूनच हा प्रश्न मराठी विभागांच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत निबंधात प्राथमिक शाळेतील मुलांच्या मराठी वाचनाचे व त्यास जोडून येणाऱ्या इंग्रजी प्रावीण्याचे मापन कोणत्या भाषिक कसोट्यांवर व्हावे याचा विचार केला आहे.

विवेचनासाठी तासगाव परिसर समोर ठेवला आहे. १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, त्यानंतर दक्षिण सातारा व १९६० पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात असलेला हा तालुका द्राक्षबागा व बेदाण्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. येथील घराघरांत दक्षिण महाराष्ट्राची बोली बोलली जाते. पलीकडे जत तालुक्यात कन्नड मातृभाषेची मुले मराठी शाळेत बसतात. आणि शेतीच्या व्यवहारातून इंग्रजी शब्द येथील मुलांच्या कानांवर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेले असतात. बोली, प्रमाण मराठी व इंग्रजी या तिन्हींचा एका वर्गात पडणारा हा छेद प्रस्तुत प्रश्नासाठी उद्‍बोधक आहे.

२. मापनाची वाटचाल

महाराष्ट्रात बालवाचकाने दोन लिप्यांना सामोरे जाणे ही नवी गोष्ट नव्हे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन असावे, असे सुचविले होते. त्या काळच्या मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागत, पण दोन्हींमागील भाषा एकच होती. मोडीत अडलेल्या मुलाला शब्द मात्र ठाऊक असे. आजचा पेच निराळा आहे. २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला, आणि त्यासोबत दुसरी लिपी व दुसरी भाषा एकाच वेळी मुलासमोर आली.

मापनाचा विचार करता १९९१ मध्ये दवे समितीच्या शिफारशींतून आलेल्या ‘किमान अध्ययन क्षमता’ या संकल्पनेने वाचनाचे लहान लहान क्षमतांत विभाजन केले. २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने ‘असर’ ही पाहणी सुरू झाली. ग्रामीण कुटुंबांत जाऊन, प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे, त्याच्या भाषेतील मजकूर वाचावयास देणारी ही पद्धत होय. तीत प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट असे स्तर कल्पिले आहेत. मुलाला आधी परिच्छेद दिला जातो. तीनपेक्षा अधिक चुका न करता ते तो वाक्य म्हणून वाचू शकले तर गोष्टीकडे, अन्यथा शब्द व अक्षरांकडे नेले जाते. २०१० मध्ये शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीबरोबर आकारिक व संकलित मूल्यमापन आले, २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीसाठी किमान ६० शब्द असे वाचनगतीचे लक्ष्य ठरविले.

या सर्व उपक्रमांचे श्रेय मान्य करावयास हवे. मूल वरच्या इयत्तेत गेले म्हणजे त्याला वाचता आलेच, हा समज त्यांनी मोडून काढला. ‘असर’च्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण पाचवीत २४.५ टक्के व आठवीत ४६.७ टक्के होते. प्रश्नाची व्याप्ती यावरून स्पष्ट होते. परंतु व्याप्ती कळणे व निदान होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाहणीसाठी घडविलेले साधन जेव्हा जसेच्या तसे वर्गात उतरते आणि एकेका मुलावर ‘प्रगत’ वा ‘अप्रगत’ अशी मोहोर उठविते, तेव्हा त्या साधनातील भाषिक गृहीतके तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

३. देवनागरी वाचनाचे विशेष

मराठी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, अशी एक समजूत शालेय वर्तुळात दृढ आहे. ती अर्धसत्य आहे. ‘सरकतो’ हा शब्द चार अक्षरांत लिहिला जातो, परंतु वाचताना ‘क’मधील अ-कार लोपतो व ‘सरक्तो’ असा उच्चार होतो. ‘मदत’ या शब्दातील अंत्य ‘त’चीही हीच गत. हा लोप लिपीत कोठेही दाखविलेला नसतो. शब्द ओळखू आला तरच तो साधतो. ‘चार’ या संख्यावाचकातील ‘च’ तालव्य आहे, ‘चारा’मधील दंततालव्य. ‘जग’ हे नाम असेल तर एक उच्चार, ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप असेल तर दुसरा. अशा ठिकाणी चिन्हावरून शब्दाकडे जाणारा मार्ग पुरेसा नसतो. मुलाला शब्दावरून, क्वचित वाक्यावरून, चिन्हाकडे परत यावे लागते. म्हणजे वरकरणी निव्वळ यांत्रिक वाटणाऱ्या वाचनातही अर्थाचा सहभाग असतो.

दुसरा विशेष अक्षरसंख्येचा. इंग्रजीत सव्वीस वर्णांची दोन-दोन रूपे ओळखली की चिन्हांची ओळख संपते, कठीण भाग त्यानंतर सुरू होतो. देवनागरीत मूळ वर्णांनंतर बाराखडी, बाराखडीनंतर जोडाक्षरे, त्यांत रफाराची वेगवेगळी रूपे, अशी चिन्हांची मालिका दीर्घकाळ चालू राहते. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड वाचनाविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरज्ञान पूर्ण होण्याची प्रक्रिया चौथीपर्यंत व त्यापुढेही चालते, असे दाखविले. कन्नड व देवनागरी या दोन्ही लिप्या अक्षरप्रधान असल्याने हा निष्कर्ष मराठीस लागू पडण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील वाडा व कर्नाटकातील यादगीर येथे २०१३ ते २०१६ या काळात मराठी व कन्नड वाचन-लेखनाचा जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्यातही स्वरचिन्हयुक्त अक्षरांशी मुले प्रदीर्घ काळ झगडत असल्याचे व वर्गातील बहुतेक वेळ अर्थाऐवजी उकलीवर खर्च होत असल्याचे निदर्शनास आले. तेव्हा दुसरीतील मूल ‘ष्ट्र’पाशी अडले तर तो मागासलेपणा नव्हे, लिपीच्या शिक्षणातील तो एक अपेक्षित टप्पा आहे. चाचणीच्या नोंदीत ‘अक्षर येते’ असा एकच रकाना ठेवल्यास हा टप्पा दिसतच नाही.

तिसरा विशेष शब्दाच्या लांबीचा असून वाचनगतीच्या मापनाशी त्याचा थेट संबंध आहे. ‘मुलगा घराजवळच्या झाडाखाली बसला’ या वाक्यात चार शब्द आहेत. हाच आशय इंग्रजीत ‘द बॉय सॅट अंडर द ट्री निअर द हाउस’ असा नऊ शब्दांत येतो. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, इंग्रजीत ती सुटी राहतात. वरील मराठी वाक्यात सोळा अक्षरे आहेत, म्हणजे शब्दागणिक सरासरी चार. या मानाने मिनिटाला साठ शब्द म्हणजे दोनशे चाळीस अक्षरे होतात. तेच लक्ष्य ‘मी घरी आलो’ यांसारख्या वाक्यांच्या उताऱ्यावर मोजले तर अक्षरे निम्म्याहून कमी भरतील. अर्थात ‘मिनिटाला अमुक शब्द’ हे परिमाण उतारा बदलला की बदलते, आणि भाषा बदलली की अधिकच बदलते. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिसरीच्या मुलांचे वीस भाषांतून जे पायाभूत अध्ययन सर्वेक्षण केले, त्यात प्रत्येक भाषेसाठी वाचनगतीचे निकष स्वतंत्रपणे निश्चित केले गेले, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. शाळेच्या पातळीवर मराठीची गती शब्दांऐवजी अक्षरांत मोजणे व उताऱ्यातील जोडाक्षरांचे प्रमाण नोंदविणे अधिक न्याय्य ठरेल.

४. बोली आणि ‘चूक’

वाचनमापनातील सर्वांत नाजूक प्रश्न बोलीचा आहे. फळ्यावर ‘पाणी आणले नाही’ असे वाक्य लिहिले आहे, अशी कल्पना करू. एक मूल ‘पानी आणलं न्हाई’ असे वाचते. दुसरे ‘पाटी आणले नाही’ असे वाचते. तिसरे ‘पा-णी, आ-ण-ले, ना-ही’ असे अक्षर अक्षर अचूक उच्चारते, परंतु काय आणले नाही असे विचारले असता गप्प राहते. चुका मोजणाऱ्या पद्धतीत पहिल्याच्या खाती तीन चुका पडतील, दुसऱ्याच्या खाती एक आणि तिसरे निर्दोष ठरेल. अर्थग्रहणाच्या दृष्टीने क्रम नेमका उलटा आहे. पहिल्या मुलाने छापील वाक्य वाचले, समजून घेतले आणि आपल्या भाषेत उच्चारले. अर्थ हाती आल्याखेरीज असे रूपांतर घडतच नाही. दुसऱ्याने आकारसाम्यामुळे शब्द चुकविला व वाक्याशी तो जुळत नाही हे त्याच्या ध्यानी आले नाही. तिसऱ्याने चिन्हे उच्चारली, वाचन केले नाही.

अमेरिकन अभ्यासक केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात अशा विचलनांकडे दोष म्हणून न पाहता वाचकाच्या मनोव्यापाराची खूण म्हणून पाहावे, असे मत मांडले. संदर्भावरून शब्दांचा अंदाज बांधणे हाच कुशल वाचनाचा गाभा होय, हे त्यांचे प्रतिपादन पुढील संशोधनात टिकले नाही. चिन्हांची अचूक व सहज उकल हा वाचनाचा पाया आहे, असेच नंतरच्या अभ्यासातून सिद्ध झाले. तथापि, मुलाने काय वाचले ते शब्दशः टिपून मग त्याचे वर्गीकरण करावे, हे नोंदतंत्र आजही उपयुक्त आहे. गफ व टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे उकल व भाषाबोध यांचा गुणाकार होय, असे सूत्र मांडले. गुणाकारातील एक पद शून्य असेल तर उत्तर शून्य येते. तिसरे मूल हे त्याचे उदाहरण होय.

मराठीच्या संदर्भात या विषयाची पायाभरणी सातारा जिल्ह्यातच झाली, याचे स्मरण येथे उचित ठरेल. मॅक्सिन बर्नसन यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास सादर केलेला प्रबंध फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर होता. पुढे त्यांनी फलटण येथेच स्थायिक होऊन मुलांच्या वाचन-लेखनाचे काम उभे केले. १९८६ मध्ये सुरू झालेली कमला निंबकर बालभवन ही शाळा त्याच कार्याचा भाग होय. बोलीचा अभ्यास करणारी व्यक्ती बालवाचनाकडे वळते यात योगायोग नाही. ‘न’ व ‘ण’ यांतील भेद ज्याच्या बोलण्यात नाही त्याला तो लिपीत नव्याने शिकावा लागतो. ज्याच्या घरी तो आहे त्याला तो आयता मिळतो. चाचणीने हा फरक बुद्धीचा म्हणून नोंदविला, तर सामाजिक अंतराला गुणवत्तेचे नाव दिल्यासारखे होते.

शिवाय ‘आणले’ असे वाचणारे शिक्षकही बोलताना ‘आणलं’ असेच म्हणतात आणि लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडी अशी अनुस्वारयुक्त रूपे मान्य केली आहेत. साहित्याच्या वर्गात तर बोलीला प्रतिष्ठाच लाभली आहे. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी बोलीतील निवेदनासाठी अभ्यासली जाते. शिक्षणासाठीच्या झगड्याची कथा सांगणाऱ्या त्यांच्या ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तर माणदेशातील एका शाळामास्तराचीच कथा. पदव्युत्तर वर्गात ज्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’चे सौंदर्य विशद केले जाते, तेच शब्द त्याच तालुक्यातील दुसरीच्या मुलाच्या तोंडून वाचनचाचणीत निघाले की चुकीच्या रकान्यात पडतात. ही विसंगती मराठीच्या अध्यापकांनी तरी नजरेआड करू नये.

याचा अर्थ प्रमाण रूपे शिकवू नयेत असा नव्हे. प्रमाण मराठी हे पुढील शिक्षणाचे व व्यवहाराचे साधन आहे, आणि ते हाती देणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. मात्र प्रमाण उच्चार शिकविणे व वाचनक्षमता मोजणे ही दोन कामे असून त्यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात, एवढाच मुद्दा आहे.

५. उतारा आणि आकलन

आकलनाच्या मापनात उताऱ्याखालील प्रश्नांना निर्णायक महत्त्व असते. उदाहरणादाखल पुढील उतारा घेऊ : ‘आजोबा बागेत गेले. त्यांनी घडातला एक मणी तोडून खाल्ला. थोडे थांबून ते म्हणाले, अजून आठ दिवस. आईने व्यापाऱ्याला तसे कळवले.’

‘आजोबा कोठे गेले?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी अर्थ कळण्याची गरज नाही. ‘आजोबा’ व ‘गेले’ हे शब्द ज्या वाक्यात आहेत त्यातील उरलेला शब्द उचलला की काम भागते. ‘आठ दिवसांनी काय व्हायचे आहे?’ हा प्रश्न मात्र वेगळ्या प्रतीचा आहे. उत्तर उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. मणी खाणे, थांबणे, व्यापाऱ्याला कळवणे यांची सांगड घालूनच ते काढावे लागते. तासगाव परिसरातील बागायतदाराचे किंवा बागेत मजुरीला जाणाऱ्या घरचे मूल ‘माल तोडायचा’ असे सहज सांगेल. द्राक्षबाग न पाहिलेले मूल तितकेच चांगले वाचक असूनही येथे अडेल. उताऱ्याचे आकलन केवळ भाषेवर नव्हे, पूर्वज्ञानावरही अवलंबून असते, हे यावरून दिसून येईल.

नेहमीच्या चाचण्यांत हा न्याय उलट्या दिशेने लागू होतो. उद्‍वाहन, समुद्रकिनारा, प्राणिसंग्रहालय अशा विषयांवरील उतारे तासगावच्या मुलापुढे येतात आणि अनुभवाची उणीव वाचनाची उणीव म्हणून नोंदली जाते. यावर सर्व उतारे स्थानिकच असावेत हा उपाय नव्हे. अपरिचित जगात नेणे हेच वाचनाचे एक प्रयोजन आहे. परंतु मापन करताना निदान एक परिचित व एक अपरिचित विषयाचा उतारा असावा. पहिल्यात मूल तरते व दुसऱ्यात अडते, तर त्याला उकल येते, शब्दसंपत्ती व अनुभव वाढविण्याची गरज आहे, असे निदान होते. दोन्हींत अडले तर मूळ प्रश्न उकलीचा असण्याचा संभव अधिक. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर वर्षातील किती दिवस शाळा मिळाली, ही नोंद उताऱ्याइतकीच महत्त्वाची होय.

६. इंग्रजी प्रावीण्य : कशाचे मापन?

इंग्रजीच्या मापनात हे सारे प्रश्न अधिक तीव्र होतात. पालकांच्या दृष्टीने इंग्रजी हा मुलाच्या भवितव्याचा प्रश्न असल्याने सेमी-इंग्रजी वर्ग व इंग्रजी माध्यमाच्या शाळा यांचा निर्णय पुष्कळदा ‘पोर इंग्रजी वाचतं’ एवढ्या पुराव्यावर होतो. हा पुरावा किती भक्कम आहे हे पाहावयास हवे.

देवनागरीत चिन्हाचे नाव व त्याचा उच्चार जवळजवळ एकच असतात. ‘क’चे नाव ‘क’. रोमन लिपीत नाव ‘सी’, उच्चार कधी ‘क’ तर कधी ‘स’. ‘पुट’ व ‘बट’ यांतील ‘यू’ हा स्वर तर अनेक पिढ्यांच्या चेष्टेचा विषय झाला आहे. त्यामुळे ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत म्हणून दाखविणे हे पाठांतराचे मापन होय, वाचनाचे नव्हे. त्याचप्रमाणे मराठी भाषकाने ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हटले तर ती उच्चाराची सवय आहे. अनोळखी पण सोपा शब्द, ज्याचे पाठांतर झालेले असणे संभवत नाही असा, मुलापुढे ठेवला तरच उकलीची परीक्षा होते.

तासगाव परिसरातील मुलाच्या बोलण्यात ट्रॅक्टर, ड्रिप, स्प्रे, शेड, रॅक, बॉक्स, कोल्ड स्टोरेज असे शब्द सर्रास येतात. बेदाण्याच्या धंद्याने ते घरात आणले आहेत. म्हणजे मूल इंग्रजीच्या बाबतीत कोरे नसते. त्याच्यापाशी ध्वनिरूप व अर्थ आहे, केवळ लिपीरूप नाही. अशा शब्दांपासून लिपीची ओळख करून देणे शक्य असते, आणि चाचणीच्या आरंभी तोंडी शब्दसंग्रह तपासला तरच ही शिदोरी दिसते. मात्र येथे एक सावधगिरीही हवी. मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांनी अर्थ बदललेले असतात. ‘लाइट गेली’ यातील ‘लाइट’ म्हणजे वीज, आणि ‘मोटार चालू कर’ यातील ‘मोटार’ म्हणजे विहिरीवरचा पंप. पाठ्यपुस्तकातील ‘लाइट’चा अर्थ मुलाने ‘वीज’ असा सांगितला तर ते चुकले नाही. त्याने आपल्या भाषेतील अर्थ सांगितला. परीक्षकाला ही पार्श्वभूमी ठाऊक असावी लागते.

‘असर’च्या इंग्रजी चाचणीत मोठी अक्षरे, छोटी अक्षरे, शब्द व वाक्ये असे टप्पे असून शब्द वा वाक्ये वाचणाऱ्या मुलाला त्यांचा अर्थही विचारला जातो. तो त्याने आपल्या भाषेत सांगावयाचा असतो. वाचन व अर्थ यांची ही फारकत मोलाची आहे, कारण इंग्रजीत तिसऱ्या प्रकारचे मूल, म्हणजे अक्षरे उच्चारणारे व अर्थापर्यंत न पोहोचणारे, फार मोठ्या संख्येने यशस्वी म्हणून खपून जाते. मराठीत अर्थ न कळता वाचणारे मूल आईच्या लक्षात येऊ शकते. इंग्रजी न येणाऱ्या घरात खडाखडा वाचणाऱ्या मुलाची फसगत कोण ओळखणार? पाचवी-सहावीत विज्ञानाचा पाठ समोर आल्यावरच ती उघड होते, आणि तोवर माध्यम बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.

दोन्ही भाषांचे मापन एकत्र केल्यास निदानाची तीन ठळक रूपे संभवतात. मराठी व इंग्रजी या दोन्हींत उकल कच्ची असेल तर आधी मराठीतील अक्षरज्ञान पक्के करण्यास अग्रक्रम द्यावा. शब्द ओळखीचे असल्याने वाचन म्हणजे काय हे मूल तेथेच शिकते. मराठी वाचन समर्थ व इंग्रजी लिपी कच्ची असेल तर अडचण मर्यादित आहे, ती अल्पकालीन सरावाने दूर होण्याजोगी आहे. इंग्रजी उकल चांगली व अर्थबोध शून्य असेल, तर अधिक वाचून घेण्याचा उपयोग नाही. ऐकणे, बोलणे व शब्दसंग्रह यांवर भर हवा. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या परस्परावलंबनाच्या सिद्धान्तानुसार पहिल्या भाषेत विकसित झालेल्या आकलनक्षमता दुसऱ्या भाषेच्या साहाय्यास येतात. हे साहाय्य आपोआप होत नाही, दुसऱ्या भाषेचा पुरेसा सहवास त्यास लागतोच. परंतु पहिल्या भाषेतील वाचन न तपासता केवळ इंग्रजीचा गुणांक काढणे हे पाया न पाहता मजला मोजण्यासारखे आहे. २०२५ च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर राज्यात मोठा वाद झाला व संबंधित शासननिर्णय मागे घेण्यात आले. त्या वादात भाषांची संख्या पुष्कळ मोजली गेली. पहिल्या भाषेत मूल कोठवर पोहोचले आहे हे कसे जाणावे, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

७. नोंदीची एक पद्धत

वरील विवेचनावरून प्राथमिक शिक्षकाला करता येण्याजोगी एक साधी पद्धत सुचविता येते. मुलाला वर्गासमोर उभे न करता एकट्याला बसवावे. प्रथम उतारा मनात वाचू द्यावा, नंतर मोठ्याने. मूल जसे वाचते तसे, बोलीतील रूपांसह, उताऱ्याच्या प्रतीवर टिपावे. त्यानंतर पुस्तक मिटून ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हणावे व शेवटी दोन प्रश्न विचारावे, एक उताऱ्यात उत्तर असलेला व एक नसलेला.

नोंद पाच रकान्यांत करावी : अडलेली अक्षरे (मूळ वर्ण, स्वरचिन्हे, जोडाक्षरे असे पोटभेद करून); अर्थ बिघडविणारी विचलने; अर्थ न बिघडविणारी बोलीरूपे; मिनिटाला वाचलेली अक्षरे; आणि पुनर्कथन व प्रश्नोत्तरांतून दिसणारे आकलन. यांपैकी तिसऱ्या रकान्याचे गुण वजा करू नयेत. त्याचा उपयोग प्रमाण रूपे शिकविण्याच्या नियोजनापुरता करावा. इंग्रजीसाठी आधी चित्रे दाखवून तोंडी शब्दसंग्रह पाहावा आणि मग हेच रकाने वापरावेत. अर्थ मराठीत वा घरच्या भाषेत सांगण्याची मुभा असावी. कन्नडभाषक मुलाने मराठी उताऱ्याचा आशय कन्नडमध्ये सांगितला आणि तो समजणारे कोणी शाळेत असेल, तर तेही आकलनच होय.

वेळेचा आक्षेप येथे अपेक्षित आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. मुलामागे दहा मिनिटे धरली तर तीस मुलांना पाच तास लागतात. दररोज तीन मुले घेतल्यास दोन आठवड्यांत पहिली फेरी पूर्ण होते. वर्षातून तीन फेऱ्या झाल्या तरी एकेका मुलाची वाटचाल डोळ्यांसमोर येईल. ज्या शाळेत एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग आहेत तेथे हे अवघड आहे, हे खरेच. पण तेथेही वर्गाच्या सरासरीपेक्षा अडलेल्या पाच मुलांची अशी नोंद अधिक उपयोगी पडेल.

८. समारोप

वाचनमापनाचे हे काम शिक्षकावर सोपवून मराठी विभागांना स्वस्थ राहता येणार नाही. अक्षरांच्या व जोडाक्षरांच्या काठिण्यानुसार श्रेणीबद्ध केलेले मराठी उतारे, तालुक्या-तालुक्यांतील बोलीरूपांच्या सूची, मुलांच्या बोलण्यातील इंग्रजी शब्दांचे स्थानिक अर्थ यांचे संकलन पदव्युत्तर विद्यार्थी लघुप्रकल्पांच्या रूपाने करू शकतात. बोलीविज्ञान, व्याकरण व शैलीविचार यांचे जे शिक्षण त्यांना दिले जाते, त्याचा याहून प्रत्यक्ष उपयोग क्वचितच असेल. प्रथम वर्षाच्या वर्गात उतारा वाचून आशय सांगताना अडखळणारा विद्यार्थी हा दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी ‘वाचता येते’ अशी नोंद करून पुढे पाठविलेला मुलगाच असतो, हे महाविद्यालयीन अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

मुलाला वाचता येते की नाही, या प्रश्नाऐवजी ते कोणत्या भाषेत, कोणत्या मजकुरात, कोणत्या टप्प्यापर्यंत वाचते व पुढे का थांबते, असा प्रश्न विचारणे हेच मापनाचे योग्य सूत्र होय. मराठीचे मापन मराठीच्या लिपीस, शब्दरचनेस व बोलींस धरून व्हावे, आणि इंग्रजीचे मापन मराठीच्या मापनास जोडून व्हावे. असे झाले तर ‘पानी आणलं न्हाई’ असे वाचणाऱ्या मुलाच्या नावापुढे ‘समजून वाचते, ण शिकवावा’ अशी नोंद होईल, आणि खडाखडा वाचणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला अर्थापर्यंत नेण्याचे काम वेळीच सुरू होईल.